लोलक आणि लेणी

अजिंठा-वेरूळच्या इतिहासात राजे, भिक्षू आणि शिल्पी यांचा उल्लेख होतो. एका काचेच्या लोलकाचा मात्र सहसा होत नाही. त्या लोलकाविषयी आज थोडे बोलायचे आहे.

‘कॅमेरा ल्युसिडा’ या उपकरणाचे पेटंट विल्यम हाइड वॉलस्टन याने १८०६ साली घेतले. हा पेशाने डॉक्टर. १८०० साली वैद्यकी सोडून शास्त्राकडे वळला. रचना अगदी साधी. दांडीवर चौकोनी लोलक बसवलेला. समोरच्या दृश्याचा प्रकाश त्यात दोनदा परावर्तित होतो, म्हणून प्रतिमा उलटी दिसत नाही. लोलकाच्या कडेशी डोळा असा धरायचा, की अर्ध्या बाहुलीला दृश्य दिसावे आणि उरलेल्या अर्धीला खालचा कागद व पेन्सिल. जुन्या ‘कॅमेरा ऑब्स्क्युरा’त प्रतिमा खरोखर पडद्यावर पडे, इथे ती केवळ पाहणाऱ्याच्या डोळ्यात असते. मान हलली, की चित्र सरकले!

हे यंत्र घेऊन जेम्स फर्ग्युसन हा निळीच्या धंद्यातला गृहस्थ १८३५ ते १८४२ या काळात हिंदुस्थानात हिंडला. लेण्यांचा काळ त्यांच्या घडणीवरून ठरवता येतो, असे त्याचे मत. त्यासाठी देखण्या चित्रांपेक्षा प्रमाणशीर चित्रे हवी होती, आणि ती लोलकामुळे मिळाली. १८४३ साली त्याने लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे निबंध वाचला. त्यातूनच अजिंठ्याची भित्तिचित्रे उतरवून घेण्याची चळवळ उभी राहिली व १८४४ मध्ये रॉबर्ट गिल याची नेमणूक झाली. गिलच्या बहुतेक प्रतिकृती १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत जळाल्या. फर्ग्युसनची सगळी अनुमानेही पुढे टिकली नाहीत. त्याची रेखाटने मात्र आजही उपयोगी पडतात.

तरी लोलक डोळ्याला आधार देतो, हाताला नाही. १८३३ साली इटलीतील कोमो सरोवराकाठी हेन्री फॉक्स टॅलबॉटने हेच यंत्र वापरून पाहिले. चित्र काही जमेना. मग प्रकाशानेच कागदावर कायमचे उमटावे, हा ध्यास त्याने घेतला. छायाचित्रणाचा एक उगम तिथे आहे. पुढे १८६४ मध्ये फर्ग्युसनच्याच लेण्यांवरील पुस्तकात गिलने टिपलेली ७४ छायाचित्रे आली.

आज खिशाखिशात कॅमेरा आहे. पण लोलकाशी बसलेल्या माणसाला खांबाची प्रत्येक रेघ नजरेने चालून जावी लागे. आपल्या गावांतले जुने वाडे, छत्र्या, मंदिरे एकेक करून पडत आहेत. ती पडण्यापूर्वी कोणीतरी तेवढा वेळ त्यांच्यासमोर बसले पाहिजे.