‘अ’ची बाराखडी आणि स्पर्शपटल

वर्धा येथे १९३६ साली स्थापन झालेल्या राष्ट्रभाषा प्रचार समितीने ‘अ’च्या बाराखडीचा पुरस्कार केला, इ, उ, ए यांच्या जागी अि, अु, अे. छपाईचे खिळे व टंकयंत्राच्या कळा कमी व्हाव्यात, हा त्यामागील एक हेतू. यंत्रापुढे लिपीने नमते घ्यावे, हे त्यात गृहीत होते; त्या काळी ते अनाठायीही नव्हते. १९९४ च्या, सुमारे अर्धा किलो वजनाच्या ‘आयबीएम सायमन’ या दूरध्वनीत मात्र कळफलक काचेवर उमटला. २००७ च्या आयफोनने साडेतीन इंची पटलावर स्पर्शलेखणीही अनावश्यक ठरविली. बोट टेकताच बदलणारी विद्युत्-धारिता ते पटल टिपत असे. कळ आता वस्तू न राहता चित्र झाली. ‘इ’ला ‘अि’ करण्याचे यांत्रिक कारण तेथे तत्त्वतः संपले. जोडाक्षरांच्या जुळणीचा भार तेवढा आज्ञावलीकडे गेला.