लाकडी हौद्याचा ट्रक : जपायचं ते काय?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझा एक माजी विद्यार्थी मला त्याच्या गावी घेऊन गेला. कोल्हापूरपासून तासाभराचा रस्ता. घराच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये त्याच्या आजोबांचा ट्रक उभा होता. टायर बसलेले, बॉनेटवर कोंबड्यांची विष्ठा, केबिन लाकडाची, हौदा लाकडाचा. नाकावरची तीन टोकांची चांदणी मात्र शाबूत होती. घरात दोन मतं होती. चाचांना तो पुरता नवा करून त्यात खाण्याचं फिरतं दुकान काढायचं होतं. पोराला तो 'होता तस्सा' हवा होता. मला बोलावलं होतं ते निवाड्यासाठी. "सर, तुम्ही इतिहासावर लिहिता. तुम्हीच सांगा, जुनं ठेवायचं की नवं करायचं?"

मी लगेच काही सांगू शकलो नाही. हा लेख म्हणजे ते उशिराचं उत्तर.

आधी चांदणीविषयी. टाटांनी १९५४ साली जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी करार करून जमशेदपूरला ट्रक बनवायला सुरुवात केली. हा करार १९६९ पर्यंत चालला. त्या काळातल्या गाड्यांवर मर्सिडीजची चांदणी असे, नंतर तिच्या जागी टाटांचं 'टी' आलं. म्हणजे शेडमधल्या ट्रकचं वय कागद न बघताही साधारण कळत होतं.

पण कारखान्यातून 'ट्रक' येत नसे. यायचा तो सांगाडा : चॅसिस, इंजिन, बॉनेट, चाकं आणि स्टिअरिंग. केबिन नाही, हौदा नाही. लाकडी खोक्यावर किंवा कामचलाऊ बैठकीवर बसून, तोंडाला फडकं गुंडाळून, ऊन-वारा खात चालक असा उघडा सांगाडा शेकडो मैल चालवत आणायचे. माझ्या वयाच्या माणसांनी हायवेवर अशा उघड्या चॅसिसच्या रांगा पाहिल्या आहेत. गाव गाठलं की सांगाडा बॉडी बांधणाऱ्या मेस्त्रीच्या दारात लागायचा. ट्रकचा ट्रक व्हायचा तो तिथे.

मेस्त्रीला ही विद्या कुठून आली? बैलगाडीतून. सुतार गाडीचं चाक घडवायचा, लोहार तापवून लाल केलेली लोखंडी धाव त्यावर चढवायचा आणि पाणी ओतायचा. आकसणारी धाव चाकाला आवळून धरायची. लाकूड भिजलं की फुगतं, वाळलं की आकसतं, लोखंड तापलं की वाढतं. या दोघांचा संसार कसा लावायचा हे ज्यांना कळत होतं, त्यांच्याच हातात पुढे मोटारी आल्या. शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरीची गुळाची पेठ वसवली तेव्हा गूळ बैलगाड्यांतून येत होता. पुढे गुळाचे रवे ट्रकमध्ये चढले आणि आंबा घाट, गगनबावडा करत कोकणात उतरू लागले. माल तोच, रस्ता तोच, आणि खालच्या फळ्या ठोकणारे हातही त्याच परंपरेतले.

प्रवासी गाड्यांची गोष्ट वेगळी नव्हती. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. त्या सुरुवातीच्या बसगाड्यांची बॉडी लाकडी होती आणि बाकांत काथ्या भरलेला असे.

कोल्हापूरला तर ही कारागिरी अंगभूतच. ज्यांना आपण बाबुराव पेंटर म्हणतो, त्यांचं मूळ आडनाव मेस्त्री. कलाकुसर करणाऱ्या घरात वाढलेल्या या माणसाने दामल्यांच्या साथीने १९१८ च्या सुमारास कोल्हापुरातच सिनेमाचा कॅमेरा बनवला. विलायती यंत्र पाहायचं, उघडायचं, समजून घ्यायचं आणि इथल्या सामानातून उभं करायचं, ही या शहराची जुनी खोड. ट्रकच्या बॉडीमागेही तीच खोड आहे. फरक इतकाच की कॅमेरा करणाऱ्याचं नाव आपल्याला माहीत आहे, हौदा करणाऱ्याचं नाही.

मी भाषेचा मास्तर असल्यामुळे शेडमध्ये उभा असताना माझं लक्ष शब्दांकडे गेलं. 'हौदा' हा अरबी 'हौदज'चा वंशज, म्हणजे उंटाच्या पाठीवरची बैठक. आपल्याकडे तो हत्तीवर चढला आणि शेवटी ट्रकवर. 'रंधा' फारसी. 'कारागीर' फारसी. 'मेस्त्री' पोर्तुगीज 'मेस्त्रे'वरून आलेला. 'गिरमिट' इंग्रजीतून, 'चॅसिस' मुळात फ्रेंच. 'फळी', 'चाक', 'सुतार' आपले घरचे. कुणी कुणाला परकं म्हणायचं, हा प्रश्न या हौद्यात बसूनच सोडवावा. बॉडीबांधणी हा अमुक एका समाजाचा धंदा होता असा दावा मी करणार नाही. सुतार, लोहार, मुसलमान मिस्त्री, रंगारी असे अनेक हात एका गाडीवर फिरत. निर्मळ 'आपलं' असं त्यात एकाचंच काही नव्हतं.

आता मूळ प्रश्न. 'होता तस्सा' म्हणजे कसा?

या गाड्या कधी एका रूपात राहिल्याच नाहीत. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलची टंचाई झाली तेव्हा आपल्या देशात मोटारींना कोळशाच्या भट्ट्या जोडल्या गेल्या. त्या धुरातल्या वायूवर इंजिनं चालायची. युद्ध संपल्यावर लष्कराच्या जुन्या गाड्या विकायला निघाल्या आणि त्यांच्यावर मालवाहतुकीचे हौदे चढले. पेट्रोलची इंजिनं काढून डिझेलची बसवली गेली. फळी मोडली की वाटेतल्या गावचा सुतार नवी ठोकून द्यायचा. लाकडी बॉडीचा मोठा गुण तोच होता. तिला कारखाना लागत नाही, माणूस लागतो. ट्रकच्या आयुष्यात बदल हा अपवाद नव्हता, त्यावरच तो जगला.

सरकारी नियमाला मात्र हे कळत नाही. जुलै २०२१ मध्ये केंद्राने जुन्या, ऐतिहासिक गाड्यांच्या नोंदणीचे वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली, मूळ रूपात राखलेली, मोठी फेरफार न झालेली दुचाकी किंवा चारचाकी 'व्हिंटेज' ठरते. तिला 'व्हीए' अक्षरांची खास नंबरपाटी मिळते, नव्या नोंदणीला २०,००० रुपये लागतात आणि रोजच्या वा धंद्याच्या कामाला ती वापरता येत नाही. नियम खासगी वापराच्या गाड्यांपुरता आहे. लगेच ऑगस्ट २०२१ मध्ये जुन्या गाड्या मोडीत काढण्याचं धोरण जाहीर झालं. म्हणजे शौकाच्या गाडीला सन्मानाची पाटी आणि पोटासाठी राबलेल्या गाडीला भंगाराचं दार. नियम करणाऱ्यांच्या मनात वाईट हेतू होता असं मी म्हणत नाही. पण 'वारसा' म्हटल्यावर कुणाची गाडी डोळ्यांपुढे येते, ते यातून दिसतं.

कोल्हापूरकरांच्या डोळ्यांपुढे छत्रपतींची मेबॅक येते. १९३० च्या दशकातली ही जर्मन मोटार राजाराम महाराजांच्या काळातली. आजही शाही दसऱ्याला ती दसरा चौकात येते आणि लोक ती पाहायला गर्दी करतात. मीही लहानपणी गर्दीत उभा राहिलो आहे आणि ती जपली गेली याचा मला आनंदच आहे. त्याच चौकात शाहू महाराजांच्या पाठबळावर १९०६ साली सुरू झालेलं मुस्लिम बोर्डिंग आहे. हुनर होतं पण अक्षर नव्हतं अशा घरांतली मुलं शिकावीत, यासाठी महाराजांनी वसतिगृहांचं जाळं उभं केलं. राजघराण्याची मोटार आणि मेस्त्रीच्या पोराची शाळा अशी एका चौकात आली. मग एका चौकात दोन वारसे का मावू नयेत?

मला या ट्रकचं कौतुक आहे, भाबडेपणा नाही. लाकडी केबिन चालकासाठी धोक्याची होती. टक्कर झाली की सांधे निखळत आणि फळ्यांच्या चिरफळ्या आत घुसत. इंजिनाची धग पायाशी, वर पत्रा तापलेला. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या, ३.५ टनांहून जास्त एकूण वजनाच्या ट्रकांना केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचं झालं आहे. ही चैन नाही, फार उशिरा आलेली माणुसकी आहे. जुनं ते सगळं सोनं म्हणणाऱ्याने एकदा मे महिन्यात तसल्या केबिनमध्ये बसून घाट चढावा.

विद्यार्थ्याचे आजोबा हे सगळं ऐकत बाजेवर बसले होते. तीस वर्षं त्यांनी हाच ट्रक चालवला. ते एवढंच म्हणाले, "हमे पेट के वास्ते चलाये, बाबा. तुमे शौक के वास्ते चलाते. तो बिरेक तो अच्छे लगाओ."

त्या वाक्यात माझ्या उत्तराचा निम्मा भाग आहे. ब्रेक, वायरिंग, दिवे, टायर, आरसे हे नवं करावं आणि त्यात लाज मानू नये. जुन्या वायरवरचं कापडी वेष्टण वाळून झडतं. धूळ, तेल, सुकं लाकूड आणि त्यात एक ठिणगी, एवढं पुरेसं असतं. म्हणून फ्यूज आणि बॅटरी तोडणारा खटका हवाच. सीटबेल्ट लाकडी खांबाला बांधला तर तो फक्त दिखाव्याचा. लाकडाच्या आत लपणारी पोलादी चौकट करून तिचं वजन चॅसिसवर उतरवावं लागतं. इंग्लंडची मॉर्गन कंपनी आजही मोटारीच्या बॉडीची चौकट लाकडाची करते, खालचा सांगाडा मात्र अॅल्युमिनियमचा. जुनं आणि नवं एका गाडीत नांदू शकतं. त्याच देशात मॉरिस मायनर ट्रॅव्हलरचं लाकूड कुजलं तर गाडी तपासणीत नापास होते, कारण तिथे ते लाकूड शोभेचं नाही, वजन पेलणारं आहे.

उत्तराचा दुसरा भाग लाकडाचा. कुजणं बहुधा सुरू होतं ते बोल्टच्या भोकापाशी, जिथे पाणी मुरतं आणि लोखंड गंजतं. तिथे टोच्या घालून पाहावं. सरसकट सगळं उपटून नवा पत्रा ठोकण्याआधी, जी फळी घट्ट आहे ती राहू द्यावी. जी गेली तिचा आधी फर्मा काढावा, मग पुरतं वाळलेलं लाकूड घेऊन त्याच मापाची, त्याच सांध्याची फळी करावी. सांधा महत्त्वाचा. एका लाकडाला दात, दुसऱ्याला खाच, आणि दोन्ही असे की चॅसिस खड्ड्यात पिळवटलं तरी हौदा थोडा हलेल पण सुटणार नाही. हे ज्ञान कुठल्या पुस्तकात नाही, सांध्यात आहे. फळी फेकली की पान फाडलं.

कागदांचाही विचार आधी करावा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार कारखान्याने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. गंमत अशी की या ट्रकच्या बाबतीत कारखान्याने फक्त सांगाडा दिला होता, बॉडी मेस्त्रीची. तरीही फिरतं दुकान काढायचं असेल तर चाचांनी आधी आरटीओत जाऊन लेखी परवानगी घ्यावी, मग करवत हातात घ्यावी.

आणि शेवटचं, बिनखर्चाचं काम. एक वही करा. ट्रक उघडण्याआधी सगळ्या बाजूंचे फोटो. कुठली फळी जुनी, कुठली बदलली, कधी, आणि कुणी. 'कुणी' हा रकाना रिकामा ठेवू नका. या ट्रकची पहिली बॉडी कुणी बांधली, हे मी आजोबांना विचारलं. त्यांना दुकान आठवलं, मेस्त्रीचा तुटका अंगठा आठवला, चहा किती गोड लागायचा ते आठवलं. नाव आठवलं नाही. तीस वर्षं ज्याच्या हाताच्या कामावर त्यांनी जीव टाकला, त्याचं नाव गेलं.

पोराने आता वही केली आहे. ब्रेकचं काम सुरू झालंय. हौद्यासाठी त्याने सत्तरीतला एक सुतार शोधलाय, आणि वहीच्या पहिल्या पानावर त्यांचं नाव स्वतः त्यांच्याकडूनच लिहून घेतलंय. ट्रक पूर्ण होईल तेव्हा होईल. वही आत्ताच इतिहास झाली आहे.