आजीचे व्रण

अकलूजच्या घरातला आजीचा फोटो स्कॅन केला आणि मास्क शिकायला बसले. मास्कवर काळं रंगवलं की वरचा थर झाकतो, पांढऱ्यानं परत दिसतो. मूळ फोटो तसाच. आधी कडक ब्रश घेतला, तर पदराची कड कात्रीनं कापल्यासारखी! मऊ ब्रशनं जमलं.

ही सोय फोटोशॉपमध्ये १९९४ साली, लेयर्सबरोबर आली. त्याआधी डार्करूममध्ये पुठ्ठा हलवत ठेवून उजेड अडवायचे. स्थिर धरला की त्याची कड उमटायची. चेहऱ्याला मात्र थेट निगेटिव्हवर पेन्सिल.

आजीला लहानपणी देवी आल्या होत्या, गालांवर व्रण होते. फोटोत एकही नाही. स्टुडिओवाल्याच्या पेन्सिलीखाली गेले असणार, आणि ती निगेटिव्ह काही आपल्याकडे नाही.

आत्या, तुझ्याकडे तिचा दुसरा फोटो आहे का गं?