जॅझ महाराष्ट्रात कोणत्या दाराने आले?

आशा पुथली हे नाव आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? १९४५ साली मुंबईत जन्मलेल्या या जॅझ गायिका, गीतकार आणि अभिनेत्री. शास्त्रीय संगीत शिकलेल्या या मुलीने मुंबईतच जॅझ गायला सुरुवात केली. अमेरिकेला जाता यावे म्हणून विमान कंपनीत नोकरी धरली आणि न्यूयॉर्क गाठले. १९७२ मध्ये आलेल्या ऑर्नेट कोलमन यांच्या 'सायन्स फिक्शन' या अल्बममध्ये त्यांनी दोन गाणी गायली. १९७६ चे त्यांचे 'स्पेस टॉक' न्यूयॉर्कच्या क्लबांत गाजले.

एका स्त्रीने ओलांडलेले हे उंबरठे आम्ही कमी लेखत नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. ज्या संगीताने त्यांना जग दिले, ते संगीत कोणाचे?

ते गुलामांच्या वंशजांचे. कोलमन टेक्सासमधल्या गरीब कृष्णवर्णीय कुटुंबातले. लॉस एंजेलिसमध्ये लिफ्टमनची नोकरी करणाऱ्या या माणसाने जॅझचे ठरलेले नियम मोडले. मुंबईत मात्र जॅझ रुजले ते ताजमहाल हॉटेलात. १९३५ मध्ये लिऑन अ‍ॅबी यांचा कृष्णवर्णीय बँड तिथे वाजवू लागला. समोर नाचणारा वर्ग साहेबांचा, संस्थानिकांचा आणि धनिकांचा. त्यांनी सूर घेतला, वेदना दाराबाहेर ठेवली.

दुसरे दार उघडले आपल्या शहरात, तेव्हाच्या औरंगाबादेत. बाबासाहेबांनी १९४६ मध्येच ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, कृष्णवर्णीय युनोकडे करत असलेल्या अर्जाची माहिती मागवली होती. त्यांनीच १९५० मध्ये उभ्या केलेल्या मिलिंद महाविद्यालयात पुढे अमेरिकेत शिकून आलेले म. ना. वानखेडे प्राचार्य झाले. तेव्हा 'निग्रो साहित्य' म्हटले जाणारे लेखन त्यांनी दलित लेखकांसमोर ठेवले. गंगाधर पानतावणे यांच्या 'अस्मितादर्श'ने त्या लेखकांना व्यासपीठ दिले. इथे कृष्णवर्णीय हे करमणुकीचे साधन नव्हते, ते सोयरे होते.

१९७२ मध्येच मुंबईत दलित पँथर जन्मली. नाव घेतले अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचे. म्हणजे एकाच वर्षी मुंबईची एक गायिका कृष्णवर्णीयांच्या सुरात गात होती आणि मुंबईचीच झोपडपट्टी त्यांच्या लढ्याशी नाते जोडत होती. दोघांची भेट झाली नाही, कारण या देशात कलेचे दार आणि लढ्याचे दार जातीने वेगळे केले आहे.

लीरॉय जोन्स या कृष्णवर्णीय लेखकाने १९६३ मध्ये 'ब्लूज पीपल' लिहिले आणि आपल्या लोकांच्या गाण्यातून त्यांचा सामाजिक इतिहास मांडला. आपल्याकडे आंबेडकरी जलसे आहेत, वामनदादा कर्डकांची हजारो गाणी आहेत. तरी संगीताच्या इतिहासात 'भीमगीते' एवढ्या एका शब्दात त्यांची बोळवण होते. ताजमधल्या नाचाची नोंद राहते, वस्तीतल्या गाण्याची राहत नाही. म्हणून वस्तीवस्तीतल्या गायकांच्या वह्या आजच गोळा करा. त्या रद्दीत गेल्या, तर आपला इतिहास पुन्हा दुसराच कोणीतरी लिहील.

जय भीम!