मेलेला मासा आणि ओला गिलावा

फॅरो अँड बॉल या इंग्लिश रंगकंपनीच्या शेडकार्डवर दोन उबदार गुलाबी छटा आहेत. क्रमांक २८, 'डेड सॅमन', म्हणजे मेलेला सॅमन मासा. क्रमांक २३१, 'सेटिंग प्लास्टर', म्हणजे घट्ट होत असलेला गिलावा. पहिलं नाव ऐकून बेडरूमला तो रंग द्यायला कोण धजेल? गंमत म्हणजे या नावातला मासा मेलेला नाहीच.

डर्बीशरमध्ये केडलस्टन हॉल नावाचा वाडा आहे. लॉर्ड कर्झनचा जन्म तिथला, आणि कोलकात्याचं पूर्वी राजभवन म्हटलं जाणारं लोकभवनही त्याच्याच धर्तीवर बांधलेलं. या वाड्यातल्या ग्रंथालयाच्या रंगकामाच्या १८०५ सालच्या बिलातून हे नाव आलं. तेव्हाच्या रंगाऱ्यांच्या भाषेत 'डेड' म्हणजे बिनचमकीचा, आपण आज मॅट म्हणतो तो. रंगात जवसाचं तेल जास्त असलं की भिंत चकाकते. तेल कमी करून टर्पेंटाइन वाढवलं, की ते उडून जातं आणि मॅट थर उरतो. थोडक्यात, छटा सॅमनची आणि फिनिश 'डेड'. कारागिरांचा शब्द विस्मरणात गेला आणि आपल्यासमोर मासा मरून पडला.

दुसरं नावही कारागिरांच्याच कामातलं. तिकडे घरात जिप्समचा गिलावा करतात. भाजून पाणी काढलेल्या जिप्समच्या भुकटीत पाणी मिसळलं, की नवे स्फटिक तयार होतात आणि गिलावा घट्ट होतो. त्यात लोहाचे अंश असले तर तो गुलाबी दिसतो. ओला असताना गडद, वाळल्यावर फिका. सगळी भिंत एकसारखी फिकी झाली, की रंगारी समजतो, आता ब्रश लावायला हरकत नाही. ही गुलाबी छटा म्हणजे भिंतीचं स्टेटस. काम पुढे सरकलं की ती रंगाखाली झाकली जायची. आता तीच छटा डब्यातून विकत घेऊन वर लावली जाते.

कोडमध्ये जुन्या व्हेरिएबलचं नाव पाहून आपण त्याचा चुकीचा अर्थ लावतो, तसंच इथे होतं. दोन्ही नावं वस्तूपेक्षा काम कसं केलं, कुठवर आलं हे सांगतात.

मग खोलीला कोणता? डेड सॅमन तपकिरीकडे झुकतो. पिवळसर दिव्यात तो खुलतो, पांढऱ्या एलईडीखाली मातकट वाटू शकतो. सेटिंग प्लास्टर फिका आणि किंचित पिवळसर आहे, लहान खोलीत तो जड होत नाही. भाड्याच्या दहा बाय दहासाठी माझं मत गिलाव्याला. नाव मात्र माशाचंच लक्षात राहील.