ऑफिस म्हणायचं राहिलंय

वसईतल्या एका चर्चच्या आवारात वयस्क फादर म्हणाले, "थांबा जरा, माझं ऑफिस म्हणायचं राहिलंय." ऑफिसला जातात, ऑफिसात बसतात, ऑफिस 'म्हणतात' कसं? त्यांनी काखेतलं काळ्या बांधणीचं पुस्तक उघडलं, खुणेची फीत बाजूला सारली आणि त्यांचे ओठ हलू लागले.

लॅटिन 'ऑफिसियुम'मध्ये 'ओपुस' म्हणजे काम आणि 'फाकेरे' म्हणजे करणं. रोमनांसाठी त्याचा अर्थ कर्तव्य. सिसेरोने इ.स.पू. 44 मध्ये मुलाला उद्देशून लिहिलेल्या 'दे ऑफिसीस'चा विषय तोच. चर्चने त्याला 'दिविनुम' म्हणजे दैवी हे विशेषण जोडलं आणि तो शब्द प्रहराप्रहराला म्हणायच्या प्रार्थनेचा झाला. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठवासींना नेम घालून दिला: दिवसा सात वेळा, रात्री एकदा. टेबल-खुर्चीचं आपलं ऑफिस ही त्याच घराण्यातली, इंग्रजीतून आलेली धाकटी पाती. मला थोरलीच जास्त भावते. 'नित्यनेम' या आपल्या शब्दाची ती सख्खी बहीण वाटते.

व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेनंतर, 1971पासून, या प्रार्थनांच्या सुधारित लॅटिन ग्रंथाचं नाव 'लितुर्गिया होरारुम' झालं, म्हणजे प्रहरांची उपासना. तरी बोलताना कितीतरी धर्मगुरू अजून ऑफिसच म्हणतात.