खेळण्यात जीव येतो कुठून? दिवा, आवाज आणि धूर यांचा जुना इतिहास

रिमोटवरची गाडी नुसती पळते तोवर ती खेळणे असते. ब्रेक लागताच मागचे लाल दिवे उजळले, वळताना कडेचा पिवळा दिवा लुकलुकला, वेगाबरोबर इंजिनाचा आवाज चढला आणि सायलेन्सरमधून धुराची रेघ निघाली, की मोठा माणूसही क्षणभर थबकतो. गाडीच्या चालण्यात काडीचा फरक पडलेला नसतो. दिव्याने ती जोरात धावत नाही, धुराने तिला ताकद येत नाही. तरीही जगभरातले हौशी लोक दुकानातून आणलेली गाडी, बोट किंवा रणगाडा उघडतात आणि त्यात या तीन गोष्टी स्वतःच्या हाताने बसवतात. हा छंद बॅटरी आणि चिपच्या जमान्यातला वाटतो. त्याची मुळे मात्र बगदाद आणि दियारबकरपर्यंत जातात. त्या शहरांची नावे आपण अभिमानाने घेतो आणि नेमकी ही गोष्ट विसरतो.

आधी रेडिओचे पाहू. १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये निकोला टेस्लाने पाण्याच्या हौदात एक छोटी बोट सोडली आणि मध्ये तार न ठेवता ती दुरून चालवून दाखवली. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला त्याला अमेरिकेत या यंत्रणेचे पेटंट मिळाले. रेडिओ कंट्रोलवर चालणाऱ्या सगळ्या मॉडेल्सची ही पणजी. तिला पंखा होता, सुकाणू होते आणि दिवेही होते! कोणीतरी ६४ चे घनमूळ विचारले आणि बोटीने दिवे चार वेळा लुकलुकवून उत्तर दिले, हा किस्सा प्रसिद्ध आहे. उत्तर अर्थात टेस्लाच देत होता. पण बोटीला अक्कल आहे असा भास लोकांना झाला तो दिव्यांमुळे. आणि त्याच्याही तीनचार वर्षे आधी कोलकात्यात जगदीशचंद्र बोस यांनी लहरी भिंतीपलीकडे पाठवून घंटा वाजवली होती आणि बारूद पेटवून दाखवली होती. म्हणजे आपल्याकडे बिनतारी लहरींचा जाहीर प्रयोग झाला तेव्हा तिच्याकडून करून घेतलेले काम हेच होते, आवाज आणि धूर.

आता रेडिओ बाजूला ठेवू आणि हजार वर्षे मागे जाऊ, कारण दुरून हुकूम देणे एवढीच गोष्ट नवी होती. यंत्राला आवाज आणि उजेड देण्याची खटपट फार जुनी आहे.

नवव्या शतकात बगदादमध्ये मूसा बिन शाकिर यांचे तीन मुलगे होते, मुहम्मद, अहमद आणि हसन. इतिहास त्यांना 'बनू मूसा', म्हणजे मूसाची मुले, याच नावाने ओळखतो. इ.स. ८५० च्या सुमारास त्यांनी 'किताब अल-हियल' लिहिले. त्यात शंभराच्या आसपास यंत्रे आहेत. 'हियल' हे 'हीला' या शब्दाचे अनेकवचन. उर्दूत या शब्दाचे नशीब फिरले. तिथे हीला म्हणजे बहाणा, आणि हीला-बहाना करणारी मुले मला वर्गात रोज भेटतात. अरबीत त्याचा अर्थ युक्ती असाही होतो. मराठीने 'हिकमत' शब्द घेतला आणि त्याला बरे वळण दिले. मूळ अरबीत हिकमत म्हणजे शहाणपण, मराठीत हिकमती म्हणजे हाताशी असेल त्यातून वाट काढणारा. बनू मूसा अगदी मराठी अर्थाने हिकमती होते. त्यांच्या पुस्तकात वात आपोआप वर सरकवणारा दिवा आहे, वाऱ्यातही न विझणारा दिवा आहे. याशिवाय आपोआप वाजणाऱ्या बासरीवर त्यांनी वेगळा ग्रंथच लिहिला. त्यात खुंट्या लावलेले एक फिरते नळकांडे आहे. खुंट्यांची जागा बदलली की सूर बदलतात.

पण या लेखाचा खरा नायक त्यांच्यानंतर साडेतीनशे वर्षांनी येतो. बदीउज्जमान अबुल-इज्ज इस्माईल अल-जझरी हे आमिदच्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या दियारबकरच्या, अर्तुकी राजांच्या पदरी होते. तिथे पंचवीस वर्षे काम केल्यावर १२०६ साली त्यांनी पन्नास यंत्रांचे पुस्तक पूर्ण केले. हत्तीचे घड्याळ म्हणून जे चित्र सगळीकडे फिरते ते यातलेच. माझी आवडती मात्र त्यांची नौका आहे. राजाच्या मद्यपानाच्या मैफलीत तलावावर तरंगवण्यासाठी ती बनवली होती (हे लपवण्यात अर्थ नाही, दरबार दरबारासारखेच होते). नौकेत चार लाकडी कलावंत बसलेले, त्यातले दोघे ताशासारखे वाद्य वाजवणारे, एक बासरीवाला आणि एक तंतुवाद्यावर बोटे फिरवणारी. साधारण अर्ध्या तासाच्या अंतराने चौघे वाजवू लागत, मग गप्प होत.

आत चालले होते ते असे. वरच्या टाकीतून पाणी थेंबथेंब एका कलत्या भांड्यात पडते. भांडे भरले की तोल जाऊन एकदम उपडे होते. ते पाणी एका छोट्या चाकावर कोसळते आणि चाक फिरते. चाकाच्या आसावर खुंट्या आहेत. प्रत्येक खुंटी वाजवणाऱ्याच्या हाताला जोडलेली दांडी दाबते आणि सोडते. तेच पाणी पुढे एका बंद डब्यात शिरते, तिथली हवा बाहेर ढकलते, आणि ती हवा शिट्टीतून जाताना बासरी वाजते. म्हणजे हात हलणे आणि सूर निघणे एकाच पाण्यातून येते. हात आधी हलला आणि आवाज नंतर आला असे होण्याची फारशी सोयच नाही. मॉडेलमध्ये इफेक्ट बसवणाऱ्याला शिकायचा पहिला धडा हाच आहे. आवाज चालण्याशी बांधला नाही, तर ते खेळण्याच्या पोटात ठेवलेले मोबाईलचे गाणे होते.

अल-जझरी थोरांचाही मुलाहिजा ठेवत नाहीत. रंगरूप बदलणाऱ्या कारंज्यांच्या प्रकरणात ते बनू मूसांचा उल्लेख करतात आणि सांगतात की त्यांची पद्धत आपण वापरली नाही. कारंज्याचा आकार इतक्या लवकर बदलतो की बदल नीट दिसतच नाही. म्हणून त्यांनी दोन बदलांमधला वेळ वाढवला. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या मान्यवरांचे यंत्र समोर घेऊन कोणी म्हणते की कल्पना छान आहे, फक्त टायमिंग चुकले आहे! पुस्तकाच्या सुरुवातीलाच त्यांनी बजावले आहे की हाताने करून न पाहिलेल्या विद्येवर भरवसा ठेवता येत नाही.

धुराचे काय? न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन म्युझियममध्ये काशाचा एक सिंह आहे. इराणमध्ये घडवलेला, हिजरी ५७७, म्हणजे इ.स. ११८१–८२ चा, उंची सुमारे ८५ सेंटिमीटर. कारागिराचे नावही त्यावर कोरलेले आहे, जाफर बिन मुहम्मद बिन अली. सिंहाचे डोके निघते. आत निखारे आणि ऊद ठेवायचा, डोके परत बसवायचे, आणि अंगावरच्या जाळीतून सुगंधी धूर बाहेर येतो. घरात गुरुवारी लोबान फिरवताना साधे धुपाटणे वापरणाऱ्या आपल्याला एका अमिराची ही हौस जरा जास्तच वाटेल. पण कल्पना पाहा. निव्वळ धातूचा प्राणी, आणि धूर सुटताच तो श्वास घेतो असे वाटते.

'असल्या खेळात वेळ घालवणे फुजूल,' असे आमच्या घराघरांत म्हटले जाते, म्हणून इथे एक हदीस आठवते. अबू दाऊद यांच्या संग्रहात ती आहे. हजरत आयशा (रजि.) यांच्या खेळण्यांत पैगंबरांना (स.) एक घोडा दिसला, ज्याला कापडाचे दोन पंख लावले होते. घोड्याला पंख कसे, असे त्यांनी विचारले. हजरत सुलेमान (अ.) यांच्या घोड्यांना पंख होते हे आपण ऐकले नाही का, असे उत्तर मिळाले, आणि पैगंबर (स.) मनमुराद हसले. या हदीसवर उलेमांनी खेळण्यांच्या जायज-नाजायजविषयी पुष्कळ लिहिले आहे. मला त्यातले कापड दिसते. साध्या घोड्याला कोणीतरी चिंध्यांचे पंख जोडले, आणि त्यामागे एक कहाणी होती.

टिपू सुलतानचा वाघ बहुतेकांना माहीत असतो. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर इंग्रजांनी तो लंडनला नेला आणि आज तो व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. लाकडी वाघ गोऱ्या माणसाच्या छातीवर बसला आहे. बाजूची मूठ फिरवली की भाते चालू होतात, वाघाच्या डोक्यातल्या नळीतून गुरगुर निघते, खालच्या माणसाच्या गळ्यातून विव्हळणे, आणि त्याचा हात वरखाली होतो. इथेही एकाच मुठीवर हात आणि आवाज दोन्ही. नौकेत पाण्याने जे केले ते इथे भात्याने.

विसाव्या शतकात ही विद्या मुलांच्या हाती आली ती खेळण्यातल्या आगगाडीतून. अमेरिकेच्या लायोनेल कंपनीने १९३५ मध्ये इंजिनामागच्या कोळशाच्या डब्यात छोटी मोटर आणि पंखा बसवला. पंख्याची हवा शिट्टीतून जायची. तत्त्व अल-जझरींच्या बासरीचेच, फक्त पाण्याऐवजी वीज. १९४६ मध्ये त्यांच्या इंजिनातून धूर येऊ लागला. पहिल्या इंजिनांत एका खास बल्बच्या उष्णतेवर गोळी टाकून धूर काढत, पुढच्याच वर्षी बल्बच्या जागी तापणारी तार आली. धूर भकभक करत यावा म्हणून हवा ढकलणारा पिस्टन चाकांच्या गतीशी जोडलेला होता, गाडी जोरात तर भकभकही जोरात. पुन्हा तोच धडा. १९४६ मध्येच त्यांनी रुळांतून रेडिओ लहरींचे संकेत पाठवून गाडी चालवायचा संचही काढला. तो महाग होता आणि फार टिकला नाही. धुराची इंजिने टिकली.

आता घरी काय करता येते ते थोडक्यात सांगतो. कल्पना एकच आहे, गाडीच्या रिसीव्हरकडून येणारा हुकूम चोरून ऐकायचा. हौशी मॉडेलमधला रिसीव्हर मोटरच्या कंट्रोलरला सेकंदाला सुमारे ५० ठोके पाठवतो. ठोका दीड मिलिसेकंदाचा असला की गाडी थांबलेली, दोनकडे गेला की पूर्ण वेग, एककडे आला की ब्रेक किंवा मागे. हीच तार एका छोट्या अर्डुइनो बोर्डाला जोडली की बोर्डाला कळते की चालवणारा काय करतो आहे. ठोका एकदम लहान झाला, लाल दिवे लाव. वाढत गेला, इंजिनाचा आवाज चढव. लाल एलईडीला पाच व्होल्टवर साधारण १५० ओमचा रेझिस्टर लागतो, तो विसरला तर एलईडी एकदाच पेटतो. स्पीकर उघडा लावू नये, मागून लहान डबी बंद करावी, नाहीतर ट्रकमधून डासाचा आवाज येतो. सामान मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तापकीर गल्लीत मिळते, आणि तुटक्या खेळण्यांतले स्पीकर भंगारवाल्याकडेही.

धुराला जपावे लागते. नायक्रोमची तार काचधाग्याच्या वातीवर गुंडाळून ग्लिसरीनसारखा द्रव तापवायची पद्धत जुनी आहे. धूर छान निघतो, पण तार कोरडी राहिली तर जळका वास आणि वितळलेले प्लॅस्टिक. शेजारी लिथियमची बॅटरी असेल तर धोका खरा आहे. मुलांसाठी मी पाण्याचे धुके करणारी अल्ट्रासॉनिक चकतीच सुचवतो, खोलीतल्या ह्युमिडिफायरमध्ये असते ती. बोटीला तर ती शोभूनही दिसते. मागे लहान पंखा लावून त्याचा वेग इंजिनाच्या आवाजाबरोबर वाढवला की काम झाले.

हे सगळे लिहायचे कारण सांगतो. काही वर्षांपूर्वी एका विज्ञान प्रदर्शनात आठवीच्या एका मुलीने जुन्या रिमोटच्या जीपला ब्रेकचे दिवे आणि हॉर्न बसवून आणला होता. परीक्षकांनी एकच प्रश्न विचारला, समाजाला याचा उपयोग काय? तिला उत्तर देता आले नाही. बक्षीस ठिबक सिंचनाच्या थर्माकोलच्या मॉडेलला मिळाले, ज्यातून पाण्याचा थेंबही टपकत नव्हता. आणि त्याच आठवड्यात आमच्या मोहल्ल्याच्या ग्रुपवर हत्तीच्या घड्याळाचे चित्र फिरत होते, 'रोबोटचा शोध मुसलमानांनी लावला' अशा मथळ्याखाली, खाली शंभरभर माशाअल्लाह. अल-जझरींच्या नौकेचा समाजाला काय उपयोग होता, हे त्या ग्रुपवर कोणी विचारले नाही. त्यांचे पुस्तक उघडले तर त्यात अभिमान कमी आणि मापे जास्त आहेत, पत्रा किती जाडीचा, भोक किती बारीक, झाळायचे कुठे, हलणारा भाग अडकू नये म्हणून काय करायचे. दुसऱ्याला बनवता यावे म्हणून ते सगळे लिहिले आहे.

ती मुलगी आता अकरावीत आहे. मागच्या महिन्यात जुनी जीप घेऊन भेटायला आली. या वेळी तिने वळणाचे दिवे बसवले होते, पण ते इतके भराभर लुकलुकत होते की कोणत्या बाजूला वळायचे ते कळेना. खऱ्या गाडीचा इंडिकेटर मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकतो. तिने शाळेच्या फाटकाशी उभ्या असलेल्या रिक्षावाल्या चाचांना इंडिकेटर चालू ठेवायला सांगितले आणि घड्याळ धरून मोजायला लागली.